पाठीमागे परदेश दिसला पाहिजे

देशप्रेम अंतराच्या सम प्रमाणात वाढतं. माणूस घरात असला की त्याला देश दिसत नाही, चार दिवस न आलेलं नळाचं पाणी दिसतं. तोच माणूस पुण्याला गेला की त्याला सोलापूरची आठवण येते, दिल्लीला गेला की महाराष्ट्राची, आणि समुद्र ओलांडला की थेट भारतमातेची. तेव्हा देशावर मनापासून प्रेम करायचं असेल तर देशापासून होईल तितकं लांब जाऊन राहावं, हे उघड आहे. आमच्या कॉलनीनं हे तत्त्व नुसतं ओळखलं नाही, त्याची रीतसर नोंदणीकृत संस्था काढली (नोंदणी प्रक्रियेत आहे. सहा वर्षं झाली).

संस्थेचं नाव 'परदेशस्थ पाल्य पालक संघ, संकल्पनगर, विजापूर रोड, सोलापूर'. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी परदेशात शिकते, त्यांना सभासद होता येतं. बेंगळुरूवाल्या एका पालकांनी दोनदा अर्ज केला होता. तिथं भाषा वेगळी आहे, हवा थंड आहे आणि पोरगं फोन उचलत नाही, असे तीन भक्कम पुरावे त्यांनी जोडले होते. अर्ज सहानुभूतीपूर्वक फेटाळला.

मी स्वतः सभासद नाही. माझा मुलगा बार्शीला असतो. बार्शी परदेशात धरावी असा अर्ज मी केलेला नाही. मला नाद एकच, कीर्तनाचा. कॉलनीतल्या मारुतीच्या देवळाचा सभामंडप आहे, तिथं श्रावणात कीर्तनं होतात. सगळ्यांच्या आधी येऊन बसणारा आणि सगळ्यांच्या नंतर उठणारा मीच, म्हणून मंडपाची किल्ली माझ्याकडे दिलेली आहे. संघाचे कार्यक्रमही त्याच मंडपात होतात. या किल्लीमुळे मला संघात 'निमंत्रित' हा दर्जा आहे. निमंत्रिताला मत नसतं. त्यानं सतरंजी अंथरायची असते.

संघाचे अध्यक्ष सयाजीराव. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांचा इंद्रजीत अमेरिकेत शिकतो. अध्यक्षपदाची निवडणूक दरवर्षी होते आणि दरवर्षी सयाजीरावच निवडून येतात, कारण मतं देशांच्या वर्गवारीनं मोजली जातात. अमेरिका 'अ' वर्ग. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया 'ब' वर्ग. जर्मनी वगैरे 'क' वर्ग. आणि जिथं पोरं डॉक्टरकीला जातात ते, नकाशात शोधावे लागणारे देश 'ड' वर्ग. 'अ' वर्गाला पहिली रांग, गादीची खुर्ची आणि डोक्यावर पंखा. 'ड' वर्गाला खांबामागची जागा. यात भेदभाव कुठंच नाही. मोठ्या देशाच्या पालकाला उकडतं जास्त.

संघाचा मुख्य उत्सव पंधरा ऑगस्ट. त्याला 'विश्वव्यापी ध्वजवंदन सोहळा' म्हणतात. जगभर पसरलेली आमच्या कॉलनीची पोरं आपापल्या खोलीत तिरंगा धरून उभी राहतात, आणि मंडपातल्या पांढऱ्या पडद्यावर ती एकेक करून दिसतात. तिरंगा इथूनच जातो. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी यांच्या पार्सलात, पण स्वतंत्र पिशवीत, कारण झेंड्याचा मान राखायचा असतो. तरी चटणीचा वास पोचतोच. एका मुलानं कळवलं होतं की झेंडा उलगडला आणि डोळ्यांत पाणी आलं. हे पाणी देशभक्तीचं की लसणाचं, यावर संघानं मत दिलं नाही.

सोहळ्याचे नियम थोडे आहेत, पण कडक आहेत.

पाल्यानं कमरेच्या वर भारतीय पोशाख करावा. भाषण तीन मिनिटांचं असावं. भाषणात 'मला देशाची आठवण येते' हे वाक्य आणि 'इथं सगळं वेळेवर असतं' हे वाक्य अनिवार्य. पहिल्यानं पालक भरून येतात आणि दुसऱ्यानं सुखावतात. 'मातीचा वास' ऐच्छिक. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा, की पाल्याच्या पाठीमागे परदेश दिसला पाहिजे.

हा नियम अनुभवातून आला. एका वर्षी कॅनडातला एक मुलगा साध्या भिंतीपुढे उभा राहिला. भाषण उत्तम झालं, पण मंडपात कुजबुज सुरू झाली की भिंत काय, कोथरूडचीपण असू शकते. पुढच्या वर्षी त्यानं जागा बदलली, तर मागं आपल्याच सोलापूरच्या सराफाचं कॅलेंडर. आईबापांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तेव्हापासून मागं पूल, मनोरा, ट्राम किंवा निदान उतरत्या छपराचं घर हवं, असं ठरलं. बर्फ असल्यास उत्तम (ऑगस्टमध्ये बर्फ नसतो, हे पाल्यांनी तीन वेळा कळवूनही नियमात आहे).

तारखेचा प्रश्न मात्र नाजूक होता. आपल्याकडे पंधराचे सकाळचे दहा वाजतात तेव्हा इंद्रजीतकडे चौदाची रात्र असते. आता चौदा ऑगस्टला झेंडा धरून उभं राहणं म्हणजे कुणाचा स्वातंत्र्यदिन साजरा केल्यासारखं होईल, हे मी इथं लिहीत नाही. कार्यकारिणीच्या तीन बैठका झाल्या. शेवटी सयाजीरावांनी तोडगा काढला: पाल्य जगात कुठंही असो, त्याच्या देहाभोवती दोन हात अंतरापर्यंत भारतीय प्रमाणवेळ लागू राहील. ठराव एकमतानं मंजूर झाला. तेव्हापासून इंद्रजीत रात्री साडेअकराला सकाळच्या दहाचा दिसेल असा चेहरा करून उभा राहतो.

आता बिभीषणरावांबद्दल सांगतो.

बिभीषणराव मूळचे जेऊरचे. सोलापुरात मोटार-पंप आणि पाइपांचं दुकान आहे. माणूस सरळ, पण पाच वर्षं 'क' वर्गात, तिसऱ्या रांगेत, पंख्याच्या हद्दीबाहेर बसलेला. त्यांची वैजयंती जर्मनीत शिकायला गेली. शिकते काय, तर कापड रंगवून उरलेलं घाण पाणी स्वच्छ कसं करायचं ते. सुरुवातीला बिभीषणरावांनी हा विषय चारचौघांत सांगितला नाही. 'इंजिनिअरिंगमधलंच एक' म्हणायचे.

पण दोन वर्षांपूर्वीच्या सोहळ्यात वैजयंतीनं कमाल केली. ती सकाळी फिरायला गेली होती, तिथूनच फोन लावला. पाठीमागे किल्ला, किल्ल्याखाली नदी, नदीत बदक. तिच्या भाषणाला टाळ्या पडल्याच, बदकालाही पडल्या. पुढं वर्षभर कॉलनीत बिभीषणरावांची ओळख 'बदकवाले' अशी झाली. आणि गेल्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला त्यांना उपाध्यक्ष म्हणून जाहीर करून पहिल्या रांगेत गादीची खुर्ची द्यायची, असं ठरलं. 'क' वर्गातून पहिल्या रांगेत जाणारे ते पहिलेच. त्यांनी त्यासाठी नेहरू शर्ट शिवायला टाकला.

सोहळ्याला पंधरा दिवस असताना एका रविवारी मला वैजयंतीचा फोन आला. लहानपणी माझ्या शेजारी बसून झांज वाजवायची, त्यामुळे मला काका म्हणते.

"काका, तुम्ही बाबांना सांगा ना."

"काय सांगू?"

"मी परत येतेय म्हणून. मी तीन वेळा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाले, आवाज नीट येत नाही. दुसऱ्यांदा म्हणाले, आईशी बोल. तिसऱ्यांदा म्हणाले, पंधरा ऑगस्ट होऊ दे."

"आणि आई?"

"आई म्हणते, बाबांशी बोल."

"तिकडं काही त्रास आहे का पोरी?"

"काही नाही हो. छान आहे. पदवी मिळाली, मार्क चांगले पडले. इथं नोकरीपण देत होते. पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रंगाचं पाणी साफ करायचा प्रकल्प निघालाय, त्यांनी बोलावलंय. मी हे शिकले ते आपल्या नाल्याकडं बघून, मग काम दुसऱ्याच्या नदीत कशाला करू? त्यांची नदी स्वच्छच आहे. बदकं आहेत तिच्यात."

"पगार?"

"काका, तुम्हीपण?"

मी जीभ चावली. सवयीनं निघून गेलं तोंडातून.

मग दुकानात जाऊन बिभीषणरावांपुढे विषय काढला. ते पाइपाच्या तोंडात बघत होते. म्हणाले, "माउली, पोरगी माझी हाय. येऊ नको म्हणाय मला तोंड न्हाय, आणि ये म्हणाय पंधरा तारखेपर्यंत सवड न्हाय. एकदा ती खुर्ची होऊ द्या. मग बघू."

"आणि तिनं आधीच तिकीट काढलं तर?"

"आठवण यावी की. पण तिकीट काढण्याइतकी येऊ नये."

हे वाक्य मला इतकं आवडलं की ते संघाच्या लेटरहेडवर छापावं असं वाटलं.

याच सुमारास माझ्या हातून संघाची एक छोटी सेवा घडली. श्रावण होता, आणि पंधरा ऑगस्टलाच मंडपात रेवणसिद्ध बुवांचं कीर्तन ठरलेलं होतं. बुवा अक्कलकोटकडचे, निम्मे कानडी. आवाज असा की मृदंगवाल्याला आपण उगाच आलो असं वाटावं. सोहळा आणि कीर्तन एकाच दिवशी कसं बसवायचं, असा पेच पडला. मी सुचवलं की दोन्ही एकच करून टाकू. कीर्तनात आधी पूर्वरंग असतो, त्यात बुवा एखादं तत्त्व मांडतात. मग मध्ये हार-बुक्का होतो. मग उत्तररंग, त्यात एखादी गोष्ट सांगून तेच तत्त्व पटवून देतात. पोरांची भाषणं हाच पूर्वरंग धरू. बुवांनी फक्त उत्तररंग करावा. पोरं जे म्हणतील, ते बुवांनी गोष्टीतून सिद्ध करावं.

सयाजीरावांना हे फार पसंत पडलं. म्हणाले, "म्हणजे देशाच्या आठवणीवर शिक्कामोर्तब होईल."

पंधरा ऑगस्ट उजाडला. सकाळी साडेसातला कॉलनीच्या झेंड्याचं वंदन असतं. उपस्थिती अशी: वॉचमन शिवू, मी आणि दूधवाला (वाटेत होता). सभासद आले नाहीत. त्यांना दहाच्या सोहळ्यासाठी ताजंतवानं राहायचं होतं, आणि एका दिवसात दोनदा देशभक्ती प्रकृतीला सोसत नाही.

दहाला मंडप भरला. खुर्च्या पडद्याकडं तोंड करून मांडल्या होत्या, म्हणजे बाहेरच्या झेंड्याकडं पाठ करून. दुसरा इलाज नव्हता. पहिल्या रांगेत नवा नेहरू शर्ट घालून बिभीषणराव बसले, पंख्याच्या बरोबर खाली, आणि वाऱ्यानं त्यांचे उरलेसुरले केस उभे राहिले. शेजारी गिरिजाबाई. त्या सकाळपासून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. पोरगी येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि पोरगी आज काही बोलू नये एवढाच नवस त्यांनी समोरच्या मारुतीला केला होता. खाली सतरंजीवर बिभीषणरावांच्या आत्या, बजाबाई, खास जेऊरहून आलेल्या. कोपऱ्यात रेवणसिद्ध बुवा फेटा बांधत होते.

आधी इंद्रजीत आला. वर जरीचा कुर्ता. मागं खिडकी आणि खिडकीत उंच इमारतींचे दिवे. भाषण चांगलं झालं. मध्येच फोन घसरला आणि खाली हाफ पँट दिसली, पण नियम कमरेपर्यंतचाच असल्यामुळे कुणाला हरकत घेता आली नाही. मग कॅनडा झाला, इंग्लंड झालं, 'ड' वर्गातला जॉर्जिया घाईत झाला. शेवटचा मान वैजयंतीचा.

पडद्यावर वैजयंती आली. हातात तिरंगा, अंगावर साधा पंजाबी ड्रेस. पाठीमागे भिंत. भिंतीला टेकून दोन मोठ्या बॅगा, दोरीनं बांधलेल्या.

"किल्ला कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"बदक?" दुसऱ्यानं विचारलं.

वैजयंती म्हणाली, "सगळ्यांना नमस्कार. मला देशाची आठवण येते."

टाळ्या. या वाक्याला टाळ्या असतातच. सयाजीरावांनी चष्मा काढून पुसला.

"इथं सगळं वेळेवर असतं."

पुन्हा टाळ्या.

"म्हणून माझं शिक्षणपण वेळेवर संपलं. आता मी परत येतेय."

इथं टाळ्या झाल्या, पण एकाच माणसाच्या. बजाबाई मागच्या वाक्याच्या अजून वाजवत होत्या.

सयाजीराव उठले. "छान, छान. सुटीला येतेस ना?"

"नाही काका. कायमची. सोलापुरात काम मिळालंय. बाबा, मी तुम्हाला..."

"तांत्रिक अडचण आहे," सयाजीरावांनी जाहीर केलं आणि आवाज बंद केला. आवाज बंद झाला, पण चित्र गेलं नाही. चित्राचं बटण कुठलं, हे त्यांना माहीत नव्हतं. तिकडचं इकडं येईना, पण इकडचं तिकडं सगळं जात होतं. त्यामुळे वैजयंती पडद्यावर तशीच राहिली, झेंडा धरून, आमच्याकडं बघत.

पंख्याचा खडखडाट पहिल्यांदाच सगळ्यांच्या लक्षात आला.

बजाबाई म्हणाल्या, "का रं बिभीषणा, आठवण येती म्हणाली तवा समद्यांनी टाळ्या वाजीवल्या. आता येती म्हणाली तर हात का आखडलं?"

सयाजीरावांनी हातातला कागद चाळला. प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

बिभीषणराव गादीच्या खुर्चीत दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसले होते, फोटो काढायला बसल्यासारखे. उपाध्यक्षपदाचा हार टेबलावर होता. सयाजीरावांनी तो हळूच उचलला आणि मारुतीला घातला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "कीर्तन सुरू करा. ताबडतोब."

मी बुवांकडं गेलो. बुवांनी फेट्याचं टोक खोचलं आणि विचारलं, "पूर्वरंग झाला न्हवं?"

"झाला."

"शेवटाला तत्त्व काय निघालं?"

मी खरं तेच सांगितलं. कीर्तनाच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही. "मुलगी परत येते, असं निघालं."

"म्हंजे परत येनं. चांगला विषय हाय," बुवा म्हणाले, आणि टाळ घेऊन उभे राहिले.

यात बुवांचा काही दोष नव्हता. पूर्वरंगात जे निघतं ते उत्तररंगात सिद्ध करायचं, ही त्यांची रीत. आणि ती त्या दिवशी अमलात आणायची, ही सूचना माझी, ठराव संघाचा. कुणाला उठून जाताही येईना. आमच्या मंडपाला दार एकच आहे, आणि ते बुवांच्या पाठीमागं. चालू कीर्तनात बुवांना ओलांडून जायचं धाडस सोलापुरात अजून कुणी केलेलं नाही.

बुवांनी गोष्ट लावली सांगोल्याकडच्या सिदू धनगराची. दुष्काळ पडला, सिदू मेंढरं घेऊन दूर नदीकाठच्या मुलखात गेला. तिथं हिरवंगार. तिथला पाटील म्हणाला, राहा हितंच. सिदू राहिला. रोज संध्याकाळी तो आपल्या उघड्या माळाचं गाणं म्हणायचा. माळावरची काटेरी हेकळ, माळावरचा वारा, माळावरचा बिरोबा. ते इतकं गोड म्हणायचा की पाटलाच्या घरची माणसं ओट्यावर येऊन रडायची. हळूहळू सिदूला वाटाय लागलं की आपला माळ म्हणजे हे गाणंच. तिकडं पाऊस झाला, गवत आलं, सांगावे आले. सिदू म्हणायचा, थांबा, आज गाण्याला मानसं लई जमल्यात.

आणि बुवा थांबले. टाळ छातीशी धरला.

"मग काय झालं? एक दिवस म्होरकी मेंढी उठली. सिदूकडं बघितलं न्हाय, पाटलाकडं बघितलं न्हाय. माळाच्या दिशेनं तोंड केलं आणि चालाय लागली. सिदू वरडला, कुटं निघालीस? ती मागं वळून म्हनती, आरं सिद्या, तू माळाचं गानं म्हनतोस लई गोड. पर माळ हाय तितं, आणि तू हाईस हितं. गानं तुझं तोंड गातंय. जातील ते पाय."

मृदंगावर थाप पडली, आणि मी आयुष्यात ऐकलेल्या उत्तम कीर्तनांपैकी हे एक झालं. मंडप रडला. माझ्या अंदाजानं शंभरातले नव्वद रडले. उरलेल्या दहा जणांना सर्दी होती, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. 'ड' वर्गाचे पालक खांबाला धरून रडले. सगळ्यांत जास्त सयाजीराव रडले. त्यांचा रुमाल भिजला, मग त्यांनी कार्यक्रमपत्रिका वापरली. पडद्यावर वैजयंतीनं झेंडा गुंडाळून मांडीवर ठेवला होता, आणि ती दोन बोटांनी बॅगेवर झांजेचा ठेका धरत होती. आवाज येत नव्हता, पण ठेका बरोबर होता.

कीर्तन संपलं. रीतीप्रमाणे सगळे बुवांच्या पाया पडायला उठले. बिभीषणरावही उठले, पण ते बुवांकडं गेले नाहीत. पडद्याकडं गेले. प्रकाशाच्या आड आल्यामुळे त्यांची सावली पोरीच्या तोंडावर पडली. ती पडू नये म्हणून ते खाली वाकले, नव्या नेहरू शर्टासकट गुडघ्यावर आले, आणि तिथून वर बघत म्हणाले,

"विमान मुंबईला उतरतंय का हैदराबादला?"

पडद्यावर तोंड हललं. ऐकू काही आलं नाही.

"हैदराबादला उतर. मुंबईपरास जवळ पडतंय. मी येतो गाडी घेऊन."

वैजयंतीनं मान हलवली. मग तिनं तोंडावर हात धरला, आणि गिरिजाबाईंनी पदर.

बुवा मागून आले. प्रत्येकाच्या कपाळी बुक्का लावत होते. पडद्यापाशी आले, तर समोर वैजयंती. त्यांनी तिच्याही कपाळावर, म्हणजे पांढऱ्या कापडावर, काळा बुक्का टेकवला आणि म्हणाले, "बा मगळे, बा." कानडीत याचा अर्थ 'ये पोरी, ये'. मग सगळ्यांनी शिऱ्याचा प्रसाद खाल्ला आणि डोळे पुसत घरी गेले.

त्याच संध्याकाळी कॉलनीतून परदेशात जितके फोन गेले, तितके दिवाळीलाही जात नाहीत. मी गच्चीवर होतो, उकाडा होता, खिडक्या उघड्या होत्या. सगळ्या खिडक्यांमधून साधारण एकच मजकूर येत होता: कीर्तन फार सुंदर झालं, आम्ही सगळे रडलो, आणि तू असलं काही डोक्यात घेऊ नको.

पुढच्या आठवड्यात संघाची तातडीची सभा झाली. तीन ठराव झाले. एक, 'मला देशाची आठवण येते' या वाक्यानंतर पूर्णविराम बंधनकारक राहील. दोन, यापुढं सोहळा आणि कीर्तन वेगवेगळ्या दिवशी होईल. तीन, ज्याचं पाल्य परदेशस्थ राहणार नाही तो पालक संघाचा राहत नाही, सबब बिभीषणरावांना सन्मानपूर्वक मुक्त करण्यात येत आहे. देशप्रेमाच्या संस्थेतून, मुलगी देशात येणार म्हणून, काढून टाकलेले ते पहिलेच गृहस्थ. इथंही पहिलेच. मला त्यांचा अभिमान वाटतो.

हल्ली ते कीर्तनाला सतरंजीवर माझ्या शेजारी बसतात. टाळ वाजवतात. अर्ध्या मात्रेनं मागं असतात, पण पंख्याखाली एकदा बसलं की ती सवय सुटायला वेळ लागणारच.

पडद्यावरचा बुक्का काही गेला नाही. सयाजीरावांनी साबण लावला, लिंबू लावलं. आता परदेशातलं कुठलंही पाल्य पडद्यावर आलं, की बुवांचा काळा ठिपका त्याच्या चेहऱ्यावर कुठं ना कुठं असतोच. इंद्रजीतच्या तो बरोबर कपाळावर बसतो. सयाजीराव त्याला जरा डावीकडं सरकायला सांगतात.

आणि वैजयंती दसऱ्याच्या आधी आली. हैदराबादला उतरली, बिभीषणराव गाडी घेऊन गेले होते. आता रोज सकाळी स्कूटरवरून अक्कलकोट रोडला जाते, संध्याकाळी निळ्या-जांभळ्या बोटांनी परत येते. श्रावणात झांज वाजवते. यंदा साडेसातच्या झेंड्याला उपस्थिती वाढली: शिवू, मी, दूधवाला, वैजयंती, बिभीषणराव, गिरिजाबाई. कुणीतरी फोटो काढला. वैजयंती सलाम करतेय, आणि पाठीमागे पाण्याची टाकी, विजेचा खांब आणि सयाजीरावांच्या बंगल्याची मागची बाजू. परदेश कुठंच दिसत नाही. फोटो संघाच्या ग्रुपवर गेला तेव्हा कुणी काही लिहिलं नाही, पण पाहिला सगळ्यांनी.

ती का आली, यावर कॉलनीत चार मतं आहेत. एक, व्हिसाचं काहीतरी झालं. दोन, मार्क दिसतात तितके नव्हते. तीन, लग्नाचं प्रकरण (या मताला बहुमत आहे). चार, तब्येत. तिला तिथलं शिक्षण आवडलं आणि इथलं काम आवडतं, हे पाचवं मत तिचं स्वतःचं आहे. पण ते एकाच व्यक्तीचं आणि तीही संबंधित, म्हणून विचारात घेतलेलं नाही.

तुम्ही इथपर्यंत वाचत आलात, याचा आनंद आहे. तिचं कारण तिच्याच तोंडून मी वर लिहिलं आहे, एक अक्षर लपवलेलं नाही. कीर्तनाला इतकी वर्षं बसून समोरच्याचा चेहरा वाचायची मला सवय झाली आहे, आणि मघापासून तुमच्या चेहऱ्यावर एक बारीकसा प्रश्न दिसतो आहे: ते सगळं ठीक आहे हो, पण पोरगी अशी परत येते म्हणजे, खरं काय झालं असेल तिथं?

संकोच करू नका. पाल्य परदेशात असण्याची अट संघानं आता तुमच्यासारख्यांसाठी शिथिल केली आहे. एवढा प्रश्न पडला तरी पुरतो. बिभीषणरावांची खुर्ची रिकामीच आहे. पहिली रांग, गादी चांगली आहे, पंखा बरोबर डोक्यावर.

किल्ली माझ्याकडेच असते. कधीही या.